सेडिया, जिप्सी आणि पांढरी गाडी

उसाचं पेमेंट झालं की आमच्या भागात पांढऱ्या गाड्या उगवतात. कोपरगावपासून पुणतांब्यापर्यंतच्या रस्त्यावर कुठेही उभं राहा आणि बघा. उंच, रुंद, काळ्या काचांच्या, पुढच्या काचेवर कुठल्या तरी दादांचा फोटो, मागच्या काचेवर कुठल्या तरी देवाचं नाव. आत चढायला पायरी लागते आणि उतरल्यावर शर्टाची कॉलर ताठ करावी लागते. ही गाडी चालवायची नसते, लग्नाच्या मांडवाबाहेर लावायची असते. हे मी लोकांना तोंडावर सांगत आलोय, म्हणून भावकीत मला खुळा म्हणतात. म्हणोत बापडे.

माझ्याकडे सेडिया आहे, जपानी घराण्यातली जुनी, बुटकी, चार दारांची गाडी. कधीकाळी लाल होती, आता विटकरी म्हणावी लागेल. लांबून पाहिलं तर निवृत्त बँक मॅनेजरची गाडी वाटते. पण दार उघडा आणि पायाखालचं मॅट उचला. पत्र्यावर वेल्डिंगचे चट्टे दिसतील. तिथे लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला होता. गाडी उलटली तर आतला माणूस चेंगरू नये म्हणून तो असतो. ही गाडी रॅलीत पळालेली आहे. धुळीच्या, दगडगोट्यांच्या, घाटातल्या रस्त्यांवर घड्याळाशी पैज लावून पळालेली. पुण्याच्या एका हौशी माणसाने ती पळवली, मग त्याचे गुडघे गेले आणि पिंजरा काढून त्याने ती मला दिली. देताना म्हणाला, "हिला भाजी आणायला नेऊ नकोस, रुसेल." मी तिला भाजी आणायलाही नेतो आणि खताची पोती आणायलाही. रुसली तर मीच नळी बदलतो, मीच प्लग साफ करतो, आणि आमचं पुन्हा जमतं.

सेडियाच का, हे सांगायलाच हवं. रॅलीसाठी जन्मलेल्या गाड्यांमध्ये इव्हो आणि इम्प्रेझा यांचं भांडण जगभर गाजलेलं आहे. दोघी जपानच्या, दोघी दिसायला साध्यासुध्या चार दारांच्या, दोघींना टर्बो, दोघींची चारही चाकं जोर लावतात. इम्प्रेझाचं इंजिन आडवं झोपलेलं, त्यामुळे वजन जमिनीलगत राहतं, आणि आवाज असा की वाटावं, विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन कुणीतरी लाडाने वाढवलंय. इव्होचा आवाज तसा सपक. पण वळणावर कुठल्या मागच्या चाकाला किती जोर द्यायचा हे तिचं तीच ठरवते, त्यामुळे नाक वळलं की गाडी वळलीच. इम्प्रेझावाले म्हणतात, इव्होला नुसता मेंदू आहे, काळीज नाही. आम्ही इव्होवाले म्हणतो, इम्प्रेझाला वळ म्हटलं की ती आधी घरच्यांना विचारून येते. मोबाईलवरच्या ग्रुपात मी यावरून माणसं तोडली आहेत. यातली एकही गाडी मी हात लावून पाहिलेली नाही. देव तरी कुणी पाहिलाय, म्हणून काय भांडणं थांबली आहेत? सेडिया ही त्या इव्होची गरीब बहीण. टर्बो नाही, जोर पुढच्या दोनच चाकांना, पण हाडापेराची ठेवण तीच. इव्हो आमच्या नशिबात नव्हती, तिची बहीण मिळाली, आणि मी तिच्यावर खूश होतो.

नशिबात बायको मात्र दिसत नव्हती. तेहतिशी आली होती. ऊस होता, विहीर होती, पाटाचं पाणी होतं, मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, व्यसन नव्हतं. पण शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी द्यायची नाही, असं आता शेतकऱ्यांनीच ठरवून टाकलंय. मला त्याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. त्यात दोन स्थळं थेट सेडियावरून मोडली. एका पाहुण्याने अंगणात येऊन गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायरला बुटाने ठोकरलं आणि चहाला न थांबता "कळवतो" म्हणून निघून गेला. त्या वर्षी दसऱ्याला आईने ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं, मोटरसायकलला वाहिलं, आणि सेडियासमोरून ताट घेऊन तशीच घरात गेली. मी गेलो, दोन झेंडूची फुलं तोडली आणि स्वतः बॉनेटवर ठेवली. आई पाहत होती. 

मग श्रीगोंद्याकडच्या काष्टीचं स्थळ आलं. आप्पांनी, म्हणजे वडिलांच्या मागे घरचं बघणाऱ्या माझ्या चुलत्यांनी, मुलगी बघायला जायला त्यांच्या मेव्हण्याची पांढरी गाडी मागून आणली. आमच्याकडे ही रीतच आहे. पाहुणे येणार असले की शेजाऱ्याची दुभती म्हैस आपल्या गोठ्यात येते, साडूचा नवा ट्रॅक्टर आपल्या दारात लागतो. सगळे असंच करतात, सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि तरी सगळे फसल्याचं सोंग करतात.

"मी न्हाई त्या गाडीत बसनार," मी म्हणालो.

"मंग तुझ्या त्या डबड्यात जायचं व्हय? लोक दारातनं परत धाडतील."

"धाडू द्या. मागून आनलेल्या गाडीत गेलो तर नवरदेवबी मागून आनल्यासारखा दिसंल."

आप्पांनी आईकडे पाहिलं, आईने आढ्याकडे. शेवटी ते दोघं पांढऱ्या गाडीत बसून पुढे निघाले आणि मी एकटा सेडियात मागून. नगर ओलांडलं, श्रीगोंद्याच्या वाटेला लागलो आणि वळणं सुरू झाली. पांढरी गाडी प्रत्येक वळणाला भरलेल्या ट्रॉलीसारखी एका अंगावर कलत होती. मी तिला मागे टाकलं. हॉर्न मुद्दाम जरा जास्तच वाजवला.

काष्टीच्या त्या घरापुढे सेडिया लावली आणि समोर पाहतो तर जिप्सी.

फौजेतली जिप्सी. हिरवा रंग उडून शेवाळी झालेला, कापडी टप, मागे दुधाचे कॅन बांधायच्या साखळ्या. मुलीचे वडील फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर लष्करी गाड्यांच्या लिलावात त्यांनी ती घेतली, मुलीला तिच्यावरच चालवायला शिकवलं, आणि पुढे काही वर्षांनी ते गेले. आता घरात मुलगी आणि तिची आई, दोघीच. वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून ते संकलन केंद्रावर घालायचं हा त्यांचा धंदा. शेजारी मुलीचे मामा राहत. काष्टीच्या बाजारातले बैलांचे व्यापारी, आवाज मोठा, खांद्यावर उपरणं, आणि बहिणीच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. हे सगळं पहिल्याच चहात कळलं.

जिप्सीबद्दल माझं मत तेव्हा वाईट होतं. आपल्या देशातल्या रॅलीवाल्यांत ही दोन घराणी आहेत, सेडियावाले आणि जिप्सीवाले, आणि त्यांचं एकमेकांच्या घरचं पाणी पिण्यापुरतंही जमत नाही. जिप्सीला चारही बाजूंना पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बैलगाडीच्या थोरल्या बहिणीसारख्या. इंजिन लहान. ऐंशीच्या पुढे टप असा फडफडतो की शेजारच्याशी बोलायला खाणाखुणा कराव्या लागतात. ती वाळवंटात आणि डोंगरात भल्याभल्यांना हरवते हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं.

पोहे झाले, प्रश्न झाले. मग मामा म्हणाले, "दोघांना जरा बोलू द्या. आता तसं असतंय." हीसुद्धा नवी रीत. दोघांना गच्चीवर नाहीतर परसात दहा मिनिटं सोडायचं आणि जन्माचं ठरवून खाली या म्हणायचं. आम्ही अंगणात गेलो. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर ती सेडियाच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली होती.

"रॅलीतली हाय ना?" तिने विचारलं.

"कशावरनं?"

"इतकी जुनी हाय, पन मागनं बसलेली न्हाई. शॉकॲब्सॉर्बर भारीतले घातल्यात कुनीतरी. आनि चिखलाची फडकी लावायची भोकं हायेत इथं."

मला घाम फुटला. मुलगी बघायला गेल्यावर फुटतो तो नव्हे, वेगळाच. मी सावरून म्हणालो, "व्हय, रॅलीतली हाय. तुमच्या बैलगाडीगत न्हाई."

"मंग बसा की बैलगाडीत," ती म्हणाली आणि जिप्सीत चढली. साडी खोचलेली, पायात चपला नाहीत.

गावाबाहेर पडल्यावर डांबर संपलं आणि तिने वेग वाढवला. मी समजत होतो, रस्ता संपला की गाडी हळू करतात. वस्तीकडे जाणारी ती वाट म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, मधे गवताचा वरंबा, कडेला बाभळी. मागे रिकामे कॅन वाजत होते. माझं डोकं दोनदा टपाच्या नळीवर आपटलं. ती मात्र स्टिअरिंगशी भांडत नव्हती. चाकोरीत गाडी सोडून द्यायची, वरंब्यावर तिला हलकं उडू द्यायचं, आणि उतरताना सरळ धरायची. पुढे ओढा आला. पाणी थोडं, पण गोटे कलिंगडाएवढे. तिने थांबून चारही चाकांचा जोर लावायचा दांडा ओढला, आणि जिप्सी म्हातारीने पायऱ्या चढाव्यात तशी एकेक चाक ठेवत पलीकडे गेली. तिथे तिने गाडी वळवून उभी केली.

"रोज सकाळी भरल्या कॅननं जाते इथनं," ती म्हणाली. "दूध सांडत न्हाई."

"माझी पाठ सांडली," मी म्हणालो. ती हसली. खरं सांगायचं तर त्याच क्षणी मी गेलो होतो. पण गाडीचा प्रश्न वेगळा होता आणि तो मी सोडणार नव्हतो.

परत आल्यावर मी सेडियाची किल्ली तिच्या हातात ठेवली. ती किल्ली मी आजवर कुणाला दिली नव्हती, सख्ख्या भावालाही नाही. आम्ही डांबरी रस्त्याने निघालो. पहिल्या वळणाला ती बिचकली, दुसऱ्याला सैलावली, आणि तिसऱ्याला तिने ब्रेक उशिरा मारून नाक आत टाकलं. मागचा भाग किंचित सुटला आणि आपसूक रांगेत आला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. गाडी कळलेल्या माणसाचा चेहरा लपत नाही.

"मनात आलं की वळती," ती म्हणाली.

"इव्होची बहीन हाय."

"मला इम्प्रेझा आवडती."

मी काचेतून बाहेर बघितलं. एवढं सगळं जुळून यायचं आणि मधे इम्प्रेझा! "तिचा नुसता आवाज," मी म्हणालो.

"तुमच्या इव्होचा तेवढाबी न्हाई."

मग तिने सेडिया ओढ्याच्या वाटेला घातली. मी नको म्हणेपर्यंत पहिल्याच वरंब्याला पोट घासलं. खालून तो आवाज आला आणि मला स्वतःला खरचटल्यासारखं झालं. तिने हळूच गाडी मागे घेतली. चिडवलं नाही, त्याचंच जास्त लागलं. नुसतं म्हणाली, "तुमची गाडी रस्ता बघून पळती. माझी रस्त्याची वाट बघत न्हाई."

"पन रस्ता आसंल तितं तुमची माझ्या धुळीत ऱ्हाईल."

"आपल्याकडं रस्ते हायेत किती?"

मी गाडी परत डांबराकडे वळवायला सांगितली. 

दहा मिनिटांचा तास झाला होता. दोन्ही घरची माणसं अंगणात उभी. तिच्या साडीवर धूळ, माझ्या कपाळावर टेंगूळ. आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिची आई दारात उभी राहून मुलीकडे बघत होती, रागाने नव्हे. मामांनी मात्र हिशोबी माणसासारखं आधी माझ्याकडे, मग अंगणाबाहेर लावलेल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पसंती दिसतीय."

पसंती होती, दोन्हीकडून. पुढच्या महिन्यात देण्याघेण्याची बैठक ठरली, तीही काष्टीलाच. मी आप्पांना निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की मला काही नको. "बरं बरं," ते म्हणाले. आप्पांचं "बरं बरं" म्हणजे पाटाला सुटलेल्या पाण्यासारखं, ते आपल्या शेतात येईलच असं नसतं.

ओसरीत सतरंजी टाकली होती. आमच्याकडची पाच माणसं, त्यांच्याकडची पाच. आई दाराशी टेकून बसलेली, तिची आई आतल्या उंबऱ्यावर, आणि ती कुठेतरी आत. बैठकीत मुलीला बसवत नाहीत. कपड्यांचं झालं, मांडवाचं झालं, जेवणावळी कुणाकडे ते झालं. मग मामांनी उपरणं सावरलं आणि मोठ्याने सांगितलं, "जावयाला गाडी. पांढरी, नवी. ती जिप्सी दारात गंजतीय, ती काढू. बाकीचं माझं मी बघतो."

आप्पांनी मान डोलावली, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. मला एकदम कळलं. आप्पांचं आणि मामांचं आधीच बोलणं झालं होतं. माझ्या सेडियाची लाज झाकायला तिची जिप्सी विकायची, आणि त्या पैशात मला तीच गाडी आणून द्यायची जिला मी जन्मभर शिव्या दिल्या!

"मला गाडी नको," मी म्हणालो.

ओसरीत हालचाल झाली. मामा पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती.

आता इथे काष्टीचा बाजार माहीत असायला हवा. तिथे बैलाचा सौदा चारचौघांत तोंडाने होत नाही. दोन व्यापारी उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि तोंडाने दोघंही म्हणत असतात, "नको, नको, न्हाई परवडत." ज्याला खरोखर नको असतं तो बाजारात उभाच राहत नाही. तो घरी जातो. मी मात्र तिथेच बसून नको म्हणत होतो.

"बरं," मामा म्हणाले, "त्याच्या वरचं मॉडेल घेऊ."

"अहो, कुठलंच नको."

"ऑटोमॅटिक?"

"मामा, मला पांढरी गाडीच नको!"

"काळी घ्या. काळी आता लई चालती."

आप्पांनी माझी मांडी दाबली. मला वाटलं गप्प बसवतायत. पण ते कानाशी येऊन पुटपुटले, "चाललंय ते झकास चाललंय, अजून जरा तान." मी आईकडे पाहिलं. आई पदराआड हसत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला माझा अभिमान वाटत होता, मुलगा शेवटी व्यवहाराला आला म्हणून! माझं डोकं फिरलं. मी जितका चिडत होतो तितकी गाडी मोठी होत होती. मामांनी काचेचं छत दिलं, मागे टीव्ही दिला, पहिल्या वर्षाचा विमा दिला. त्यांच्याकडचे लोक त्यांचा हात धरू लागले, इतकं नका देऊ म्हणून, आणि ते हात झटकत होते. जन्मात असलं तिखट गिऱ्हाईक त्यांना मिळालं नव्हतं.

मी उठून उभा राहिलो.

"ऐका," मी म्हणालो, आणि माझा आवाज गल्लीत गेला असणार. "ती जिप्सी सेडियापेक्षा हळू हाय, तिच्यात पाठ मोडती, तिचा टप फडफडतो. पन ती गाडी हाय! तुमी देताय ते कपाट हाय. जिप्सी इकली तर मी बोहल्यावर चढनार न्हाई. लगीन मोडलं समजा."

  मामांनी मांडीवर थाप मारली.

"मग जिप्सीबी घ्या! दोन्ही घ्या! पोरीपुढं काय हाय?"

मी खाली बसलो. या माणसापुढे मी हरलो होतो. जगात असा एकही शब्द उरला नव्हता, जो त्यांना आकडा वाटला नसता.

"दादा, थांब."

उंबऱ्यावरून मुलीची आई बोलली होती. पहिल्या भेटीपासून मी त्यांचा आवाज नीट ऐकलाच नव्हता. त्या उठल्या आणि ओसरीत आल्या. बायका बैठकीच्या सतरंजीवर येत नाहीत, त्यामुळे पुरुष आपोआप मागे सरकले.

"ती गाडी माज्या मालकानं घेतली," त्या भावाला म्हणाल्या. "पोरीच्या हातात चाक त्यांनी दिलं. तवा तूच म्हनाला हुतास, पोरीच्या जातीला कशाला. आता ती इकायची तू ठरवलीस." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आन् इकायची न्हाई, हे ह्या पाव्हन्यांनी ठरवलं. मला कुनी इचारलं?"

मामा उपरण्याशी चाळा करत राहिले. पण माझं तोंड अजून तापलेलंच होतं. मला वाटलं, निदान या बाईला तरी मी कळलोय. मी म्हणालो, "मावशी, मी तेच सांगतोय. जिप्सी हितंच ऱ्हाऊ द्या. मला सुईसुदीक नको. ती माझ्या दारात आली तर लोक म्हनतील, हुंड्यात..."

"तुमाला कोन देतंय?"

त्यांनी मला मधेच तोडलं.

"गाडी पोरीची हाय," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "ती जाईल तितं गाडी जाईल. तुमी तुमची चालवा, ती तिची चालवील. आन् उद्या तिचं तुमच्यात न्हाई पटलं, तर तिला मामाला फोन करायला नको, कुनाच्या गाडीची वाट बघायला नको. त्याच गाडीत बसून ती माघारी येईल. म्हनून ती तिच्याजवळ पायजे."

आप्पा खाकरले. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या परत येण्याची गोष्ट कुणी काढत नाही. अपशकुन मानतात. आईच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. मला वाटलं आता आमची माणसं उठणार. पण आई उठली नाही. ती त्या बाईकडे वळून म्हणाली, "बराबर हाय तुमचं, ताई. आपल्या टायमाला असं कुनी म्हनलं न्हाई."

 मुलीची आई आत वळली. जाता जाता मुलीला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "टाकी कायम भरलेली ठेवत जा." आणि चुलीवर पुन्हा चहाचं आधण चढवलं. लग्न ठरलं ते त्या चहावर.

लग्नानंतर ती आली, तिची जिप्सी स्वतः चालवत आली, आणि श्रीगोंद्याच्या वाटेवरच्या वळणांवर मी तिला मागे टाकलं तरी ती ते मान्य करत नाही. भावकीतले अजून विचारतात, सासुरवाडीहून गाडी कुठली मिळाली? मी सांगतो, कुठलीच नाही. ते मला खुळा म्हणतात. म्हणोत. आमच्यात खटके उडतात, माझं तोंड असं आहे म्हटल्यावर उडणारच. पण कितीही भांडलो तरी बाजारच्या दिवशी पंपावर जाऊन जिप्सीची टाकी काठोकाठ मीच भरून आणतो.